लाल पोटॅश, पांढरं पोटॅश आणि गवारीचं पीठ

परवा जेवण उरकून भांडी घासत होते तेवढ्यात अण्णांचा फोन. इथे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. (कॅनडातल्या या सस्कॅचेवान प्रांतात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे साडेअकरा तासांचा हिशोब वर्षभर तोच राहतो, मला हा प्रांत आवडायला लागला त्याचं पहिलं कारण हेच.) हॅलो नाही, जेवलीस का नाही, थेट मुद्दा. "का गं, लाल पोटॅश खरं का पांढरं? कृषी केंद्रवाला म्हणतो पांढरंच घ्या. भाव बघितला तर पांढऱ्याचा जास्त. तू तिथे त्याच्यातच काम करते ना, सांग मग."

आता आठ वर्षं मी इथल्या सास्काटून शहरात आहे, त्यातली पाच पोटॅश मिलमध्ये प्रोसेस इंजिनिअर म्हणून, आणि माझ्या कामाबद्दल घरून आलेला हा पहिला खरा प्रश्न. बाकी नातेवाइकांना मी कॉम्प्युटरवालीच वाटते. कॅनडात पोरगी म्हणजे आयटी, संपला विषय.

तर पोटॅश, म्हणजे पालाश देणारं खत. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या केळीवाल्यांना सांगायला नको, लागवड मृगबागेची असो नाही तर कांदेबागेची, केळीला पालाश लागतोच आणि भरपूर लागतो. आमच्या खळ्यातल्या खोलीत 0-0-60 (नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश 60 टक्के) लिहिलेल्या गोण्यांची थप्पी असायची, आम्ही पोरं त्यावर बसून कैऱ्या खायचो. ते खत येतं कुठून हे कधी डोक्यातच आलं नाही. जळगावच्या विद्यापीठात केमिकल करताना सुद्धा नाही. भारत आपलं जवळपास सगळं पोटॅश बाहेरून आणतो, आणि जगातलं साधारण एक तृतीयांश एकट्या कॅनडात निघतं, ते सुद्धा बहुतेक सगळं या एकाच सपाट, गव्हाच्या प्रांतात. 2022 ला रशिया-बेलारूसचा माल अडकला आणि आपल्याकडे गोणीचे भाव भडकले तेव्हा अण्णा सरकारला शिव्या देत होते आणि मी इथे डबल शिफ्ट करत होते.

मजा म्हणजे हे सापडलं चुकून. 1943 मध्ये रॅडव्हिल गावाजवळ तेलासाठी भोक पाडत होते, लागलं मीठ. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, तो आटला आणि एक किलोमीटर खाली पोटॅशसकट मिठाचे थर राहिले. पण सापडणं वेगळं आणि काढणं वेगळं. मध्ये ब्लेअरमोर म्हणून पाण्याने गच्च भरलेल्या वाळूचा थर आहे, विहीर खणायला गेलं की वाळू-पाणी आत घुसतं. एस्टरहेझी गावाला 1957 मध्ये शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, सुरू केला, शेवटी आजूबाजूची जमीन गोठवून, आत ओतीव लोखंडाच्या कड्या बसवत बसवत उतरले, पोटॅश वर यायला 1962 उजाडलं.

मी पहिल्यांदा खाली गेले तो जानेवारी होता. वर उणे 35, आणि पिंजरा खाली पोचला तर सगळे जाकिटं काढून टी-शर्टवर! एक किलोमीटर खाली बारा महिने आपल्या फेब्रुवारीसारखं ऊबदार असतं. भिंती गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांच्या, लहानपणच्या नारळाच्या वडीसारख्या. मी कोणी बघत नाहीये बघून भिंतीला बोट लावून चाटलं. खारट, आणि मागून किंचित कडू. कडू ते पोटॅश, खारट ते आपलं साधं मीठ. दोन्ही एकमेकांत असे मिसळलेले की माझी सगळी नोकरी म्हणजे त्यांना वेगळं करणं.

कसं करायचं? दोन्ही पाण्यात विरघळतात, दोन्ही दिसायला सारखे. इथे फ्लोटेशन वापरतात आणि ही आयडिया मला अजून भारी वाटते. दगड दळायचा, तो साध्या पाण्यात न टाकता आधीच मिठाने तुडुंब झालेल्या पाण्यात टाकायचा, ज्याला ब्राइन म्हणतात, म्हणजे आणखी काही विरघळायला जागाच नाही. मग त्यात अमाइन नावाचं रसायन घालायचं, हे बरेचदा जनावराच्या चरबीपासून बनवतात. ते पोटॅशच्या दाण्यालाच चिकटतं, मिठाला नाही, आणि त्याची तेलकट शेपटी बाहेर राहते, तिला पाणी नको, हवा हवी. खालून हवेचे बुडबुडे सोडले की पोटॅशचे दाणे बुडबुड्यांना धरून वर येतात, मीठ तळाला. वर आलेला फेस काढून घ्यायचा, पुऱ्या तळताना झाऱ्याने काढतो तसा.

अडचण चिकणमातीची. दगडात थोडी माती असते आणि ती मेली सगळं महागडं अमाइन पिऊन टाकते. म्हणून आधी माती धुवायची, आणि जी राहते तिला आधीच दुसरं काहीतरी पाजून गप्प करायचं. हे दुसरं काहीतरी म्हणजे बरेच ठिकाणी ग्वार गम. गवार! आपल्या गवारीच्या बियांचं पीठ! पहिल्या आठवड्यात स्टोअरमध्ये पोत्यावर "प्रॉडक्ट ऑफ इंडिया" वाचलं आणि मी तिथेच हसत सुटले, शेजारचा बिचारा विचारतोय काय झालं. जगातली बहुतेक गवार राजस्थानात पिकते. म्हणजे राजस्थानची गवार जहाजात बसून इथे यायची, इथल्या मातीला गप्प करायची आणि मग ते पोटॅश जहाजात बसून आमच्या केळीला जायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग भाजीला मिळते का तिथे?" नाही आई, मिळाली तर फ्रोझन.

आता कागदावर सगळं सोपं वाटतं पण फेस हा प्रकार कागदाचं ऐकत नाही. आमच्याकडे एक ऑपरेटर आहेत, तीस वर्षं झाली त्यांना, ते सेलवर, म्हणजे फ्लोटेशनच्या टाकीवर, वाकून फेस बघतात, दोन बोटांत चोळतात आणि म्हणतात अमाइन कमी करा. लॅबचा रिपोर्ट दोन तासांनी येतो आणि तेच सांगतो. मला गुऱ्हाळातला गुळव्या आठवतो, काहिलीकडे बघून सांगायचा उतरवा आता. मी नवीन असताना स्क्रीनवरचे आकडे बघून शहाणपणा केला, डोस वाढवला, आणि वीस मिनिटांत फेस दूध उतू जावं तसा सेलवरून खाली, जिन्यावर, सगळीकडे. गुडघाभर गुलाबी फेसात उभी राहून मी होज मारत होते. ते काका काही बोलले नाहीत, फक्त दुसरा होज घेऊन आले.

बरं, मग लाल का? तर त्या दगडात लोखंडाचा ऑक्साइड असतो, चिमूटभर, म्हणजे गंजच. फ्लोटेशनमध्ये दाणा विरघळतच नाही, त्यामुळे आतला रंग तसाच राहतो. लाल पोटॅश म्हणजे दगडातून निवडलेलं पोटॅश, बाकी काही नाही. शेवटी धूळ उडू नये आणि गोळे होऊ नयेत म्हणून त्यावर तेल-अमाइनचा पातळ हात फिरवतात. गावाकडे खऱ्या पोटॅशची परीक्षा सांगतात ना, पाण्यात टाकलं की लाल भाग वर तरंगतो, ते याच तेलकट थराचं काम असणार.

आणि पांढरं? त्याची गोष्ट सास्काटूनच्या अगदी जवळ आहे. पेशन्स लेक नावाची खाण, 1987 मध्ये तिच्यात पाणी घुसलं आणि थांबेचना. खाण बुडाली. दुसरीकडे टाळं लागलं असतं, इथे 1989 मध्ये त्याच बुडालेल्या खाणीतलं पाणी वर खेचायला लागले. खाली कोमट ब्राइन सोडायचं, ते भिंतींचं पोटॅश विरघळवतं, वर आणून उघड्या तळ्यात सोडायचं आणि बाकीचं काम थंडीवर सोपवायचं. कारण असं आहे, शंभर ग्रॅम उकळत्या पाण्यात 56 ग्रॅम पोटॅश मावतं आणि शून्य डिग्रीला फक्त 28, पण मिठाला गरम-गार सारखंच, 39 चं 36 होतं बस. म्हणून तळं गार झालं की पोटॅश तळाला बसतं आणि मीठ पाण्यातच राहतं. गंज विरघळत नाही, तो खाली खाणीतच मागे राहतो, म्हणून हे पोटॅश पांढरं. मग एक तरंगणारी बोट फिरून ते तळाचं पोटॅश उपसते. ज्या थंडीला मी रोज सकाळी गाडी सुरू करताना शिव्या घालते ती इथे फुकटचं क्रिस्टलायझर, म्हणजे खडे बनवायचं यंत्र आहे.

कॅनडातल्या रिसर्चचं मला हेच आवडतं, अडलेल्या कामातून निघतो. 1954 च्या सुमारास ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये माथुर आणि गिशलर हे दोघं ओला गहू वाळवत होते. खालून हवा सोडली की बारीक पूड पाण्यासारखी हलते, पण गव्हाचा दाणा मोठा, तो हवेत नीट खेळेना, ढेकर दिल्यासारखे मोठे बुडबुडे यायचे. त्यांनी खाली निमुळतं भांडं घेतलं आणि मधोमध एकच जोरदार झोत सोडला. गहू मधून कारंज्यासारखा वर, बाजूने हळूहळू खाली, परत मधून वर. याला स्पाउटेड बेड म्हणतात. हे माथुर म्हणजे किशन माथुर, आपल्याकडचे, पुढे व्हँकुव्हरला यूबीसीत, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे याच पद्धतीने युरियाच्या दाण्यावर गंधकाचा थर चढवण्यावर काम झालं. कॉलेजात आम्हाला हे अर्ध्या पानात उरकलं होतं, गहू वगैरे कोणी सांगितलं नाही.

सगळं गोड आहे असं नाही. वेगळं केलेलं मीठ जातं कुठे? खाणीबाहेर डोंगर उभे आहेत, पांढरे, मैलभरावरून दिसणारे, त्यांचं खारं पाणी शेतात जाऊ नये म्हणून बांध घालून बसलेत. टुरिस्ट फोटो काढतात. मला ते बघून शेतकऱ्याची पोर म्हणून जरा धस्स होतं.

तर अण्णांना सांगितलं, दोन्ही खरं, पोटॅश तेवढंच, जमिनीत टाकायचं तर लाल घ्या, ठिबकमधून सोडायचं तर पांढरं, कारण लालमधला गंज विरघळत नाही, ड्रिपर चोक होतील. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "लालच आणतो. रात्री ड्रममध्ये भिजवायचं, सकाळी तुझ्या आईच्या जुन्या लुगड्यातून गाळायचं, लाल गाळ खालीच राहतो. पैसे कशाला घालवायचे?"

फिल्टरेशन. मी काय बोलणार.

"पण एक सांग," अण्णा म्हणाले, "गोणी ओतली की ड्रम बाहेरून गार का पडतो गं, माठासारखा?"

लहानपणी उन्हाळ्यात त्या ड्रमला गाल लावून मी कितीदा उभी राहिले असेन.