आमची वाटचाल : डोळे उघडे ठेवून

आमची फर्म म्हणजे तीन माणसं. मी, माझी एक मैत्रीण जी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आणि एकजण जो हिशेब, कॅलेंडर आणि माझी चिडचिड अशी तिन्ही खाती सांभाळतो. कामाच्या ताणानं पिळून निघालेल्या ऑफिसांत जाऊन माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याचा सराव, शिकवतो आम्ही, नऊ वर्षं झाली. "म्हणजे नेमकं काय करता" असं कोणी विचारलं की मी अजूनही अडखळते, कारण "ध्यान शिकवतो" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकतर भक्तिभाव येतो नाहीतर संशय, आणि आमच्या धंद्याला दोन्ही चालत नाहीत.

त्याआधी बारा वर्षं मी सॉफ्टवेअरचे रिलीज सांभाळायचे. रात्रीचे रिलीज, फोन उशाशी, सकाळी पुन्हा स्टेटस मीटिंग. एकदा एकच ईमेल पाचदा वाचला, डोळे ओळींवरून फिरतायत पण डोक्यात काही शिरेचना, तेव्हा पहिल्यांदा घाबरले. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आठ आठवड्यांचा एक कोर्स असतो, एमबीएसआर, म्हणजे माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, करून बघा. मी गेले ते खरं तर सुट्टी मिळेल म्हणून.

हा कोर्स जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केला, माणूस मॉलिक्युलर बायोलॉजीचा पीएचडी, आणि समोर कोण तर ज्यांचं दुखणं औषधांनी पूर्ण जात नव्हतं असे पेशंट. मुळातलं ध्यान बौद्ध परंपरेतलं, पण हॉस्पिटलात कोणालाही करता येईल असं रूप त्यांनी दिलं. आठवड्याला अडीच तास, घरी रोज पाऊण तास, मध्ये एक अख्खा दिवस मौन. मला त्यातलं काय पटलं तर कुठेही विश्वास ठेवा असं नव्हतं. लक्ष भटकलं? कुठे गेलं ते बघा आणि परत या. बस. मी दिवसातून दोनशे वेळा परत येत होते आणि तोच व्यायाम आहे हे कळायला मला पाच आठवडे लागले.

मग नोकरी सोडली, शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलं, मैत्रिणीला गळ घातली आणि फर्म काढली. आमच्या पहिल्या क्लायंटनं पहिला प्रश्न विचारला, "हे वीस मिनिटांत होईल का?"

नाही होत. पण अडीच तासही ऑफिसात कोणी देत नाही. शेवटी सहा आठवडे, चाळीस चाळीस मिनिटं असं काहीतरी जमवलं, ते मूळ कोर्सच्या मानानं फारच पातळ आहे आणि हे आम्ही विकतानाच सांगतो. मुळात एक मनुका दहा मिनिटं बघत, हुंगत, चघळत खायचा प्रकार आहे, तो आम्ही हौसेनं ठेवला होता. सेल्सच्या टीममध्ये माझी सूचना पूर्ण व्हायच्या आत निम्म्या मनुका संपल्या होत्या. आता त्याजागी न वाचलेला ईमेल असतो. माउसवर हात ठेवायचा, क्लिक करायचं नाही, जबडा कुठेय, खांदे कुठेयत, श्वास चालू आहे की धरून ठेवलाय ते बघायचं. बहुतेकांनी धरून ठेवलेला असतो.

मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली. काचेच्या भिंतींची मीटिंग रूम, सोळा लोक, मी मोठ्या आत्मविश्वासानं "डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या" म्हटलं. चौथ्या मिनिटाला एक बाई उठून गेल्या. मला वाटलं कॉल आला असेल, मी आपली चालूच. मैत्रीण मात्र मागे गेली. जिन्यात बसल्या होत्या, हात गार पडलेले, छाती धडधडतेय, त्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास कमीच पडतो असं वाटत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर मैत्रिणीनं मला जे सुनावलं ते लिहीत नाही, पण मुद्दा बरोबर होता, ध्यान सगळ्यांना सरसकट सोसतंच असं नाही, काहींची भीती वाढते, काहींचं जुनं काहीतरी वर येतं. तेव्हापासून आमच्याकडे डोळे उघडेच. मिटायचे असतील तर तुमची मर्जी. श्वास नको वाटला तर तळपाय जमिनीला टेकलेत तिथे लक्ष ठेवा, एक खुर्ची कायम दाराजवळ रिकामी ठेवायची आणि उठून गेलेल्याला कोणी काही विचारायचं नाही. सुरुवातीला मैत्रीण प्रत्येकाशी वेगळं बोलून घेते, आणि कोणाला खरंच उपचारांची गरज दिसली तर कोर्स बाजूला ठेवून आधी तिकडे पाठवते.

आमचा कोर्स सेक्युलर, म्हणजे धर्म बाजूला ठेवून शिकवलेला, असं आम्ही सांगतो, त्या शब्दाचाही आम्हाला चांगलाच धडा मिळाला. एकाच आठवड्यात दोन मेल. एकाचं म्हणणं, तुम्ही मागच्या दारानं ऑफिसात धर्म आणताय. दुसऱ्याचं म्हणणं, तुम्ही धर्म काढून घेऊन नुसतं टरफल विकताय. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि खोटं कशाला बोला, दोघांचंही थोडं थोडं पटलं. मग घंटा गेली (फोनचा टायमर चालतो), हात जोडणं गेलं, अगरबत्तीसारखा माझा तो मंद आवाजही गेला, तो काढायला जास्त वेळ लागला. पण हे आलं कुठून ते मात्र पहिल्याच सेशनला दोन मिनिटांत सांगतो, की बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत "सती" (सजग राहणं) असा शब्द आहे, त्याला इंग्रजीत माइंडफुलनेस हा शब्द १८८१ मध्ये त्या ग्रंथांचे अनुवादक र्‍हीस डेव्हिड्स यांनी वापरला, आणि आम्ही त्यातला लक्ष देण्याचा सरावच फक्त शिकवतो, बाकीचं शिकवायची आमची लायकी नाही.

एक प्रसंग मात्र मला फार आवडतो. एक इंजिनिअर ऑन-कॉल होता, म्हणजे सिस्टिम बिघडली की फोन त्यालाच, म्हणाला मला फोन बंद ठेवता येणार नाही. म्हटलं चालू ठेव. तिसऱ्या सेशनला सगळे शांत बसलेले असताना टेबलावर तो फोन असा काही थरथरला की बाराच्या बारा जण दचकले. मी म्हटलं थांब, दोन सेकंद, स्क्रीन बघायच्या आधी पोटात काय झालं ते सांग. तो फोनकडे बघत म्हणाला, "मी उचलायच्या आधीच भांडायला तयार झालोय." मग बघितला. डिस्क भरत आल्याचा अलर्ट, तोही तोपर्यंत आपोआप मिटलेला. पुढचे तीन आठवडे त्या ग्रुपमध्ये "डिस्क भरली का" हा परवलीचा शब्द झाला.

आता कडू भाग. आमचं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट एका कंपनीचं होतं, जिनं नुकतीच बरीच माणसं कमी केली होती आणि उरलेल्यांवर त्यांचं काम टाकलं होतं. कोर्स सक्तीचा केला. ऑनलाइन सेशनला बावीस लोक, कॅमेरे चालू, आणि माझ्या "फक्त ऐका" नंतर जे ऐकू यायचं तो कीबोर्डचा पाऊस. त्यांचा राग मला स्क्रीनमधून लागत होता आणि तो रास्तच होता. मग एचआरकडून मेल आला, कोण किती सेशनला आलं आणि प्रत्येकाचा स्ट्रेस स्कोअर नावानिशी पाठवा. आम्ही परसीव्ह्ड स्ट्रेस स्केलची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतो, गेल्या महिनाभरात परिस्थिती हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं असे प्रश्न असतात त्यात. लोकांनी ती आमच्यावर भरवसा ठेवून भरलेली. हे पुढे अप्रेझलच्या टेबलावर जाणार हे समजायला ज्योतिषी लागत नाही. नाही म्हटलं. कॉन्ट्रॅक्ट गेलं.

त्यानंतरचे चार महिने बचतीवर काढले. एका थकलेल्या बिलावरून मी आमच्या हिशेबवाल्यावर इतकी ओरडले की तो शांतपणे म्हणाला, मॅडम, तळपाय कुठेयत? मी त्याला त्या दिवशी नोकरीवरून काढलं नाही याचं श्रेय सरावाला.

पण त्यातून आमच्या अटी पक्क्या झाल्या. यायचं तर स्वतःहून, नावं कंपनीला मिळणार नाहीत, मॅनेजर आणि त्याच्या हाताखालची माणसं एका ग्रुपमध्ये नाहीत. काही क्लायंट इथेच फोन ठेवतात.

आणि पुरावे जसे आहेत तसे दाखवायचे. २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा आढावा आला, चिंता, नैराश्य आणि वेदना यांत बेताची सुधारणा दिसली, पण व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा हे सरस आहे असा पुरावा मिळाला नाही. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा पेपर आला, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी, आणि ताण कमी करायचे असले वैयक्तिक कार्यक्रम घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसले नाहीत. मैत्रिणीनं मला तो पाठवला, विषयाच्या ओळीत "दुकान बंद करूया का". तो अभ्यास एका वेळच्या सर्व्हेवरचा आहे, त्यावरून कार्यकारण पक्कं सांगता येत नाही, हे आम्ही एकमेकींना दोन तास समजावलं. मग गुपचूप तो आमच्याच प्रेझेंटेशनमध्ये टाकला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली तीही तिथेच आहे, कामाच्या जागचा सततचा ताण नीट न हाताळल्यानं होणारी गोष्ट, आजार नव्हे. कामाच्या जागचा. मग माणसालाच नुसता श्वास शिकवून कसं भागेल?

म्हणून आता पहिल्या भेटीत आम्हीच प्रश्न विचारतो. पाठोपाठ किती मीटिंगा असतात, रात्री अकराला मेसेज कोण टाकतं, सुट्टीवरच्या माणसाचं काम कोण करतं. एका सपोर्ट टीमच्या हेडनं हे सगळं लिहून काढलं, कागदाकडे बराच वेळ बघितलं, महिन्याभरानं रात्रपाळीला दोन माणसं वाढवून घेतली आणि आमचा कोर्स रद्द केला. हिशेबवाला अजून तो आमचा सगळ्यात यशस्वी प्रोजेक्ट म्हणून सांगतो, बिल शून्य.

सध्या घोडं अडलंय ते अ‍ॅपवर. क्लायंट म्हणतात सेशन रेकॉर्ड करून अ‍ॅपमध्ये टाका, लोक कधीही ऐकतील. मी अर्धी तयार आहे. मैत्रीण ठाम नाही म्हणते, अ‍ॅपला जिन्यात कोणाच्या मागे जाता येत नाही. हिशेबवाल्याचं मत विचारलं तर म्हणाला, अ‍ॅप निदान ओरडणार तरी नाही.