पाच लोकांचे गाणे

लोककवी वामनदादा कर्डकांचे एक गाणे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की ते नेमके काय म्हणते, याकडे कितीतरी वर्षे माझे लक्षच गेले नव्हते. १४ एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या वस्तीत मांडव पडायचा, गायन पार्टी यायची, पेटीवाला सूर धरायचा आणि ढोलकीवर थाप पडताच मागच्या रांगेत उभी असलेली माणसेसुद्धा मुखडा उचलायची:

भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते
तलवारीचे तयांच्या न्यारेच टोक असते

चाल अशी चढती आणि कोरस असा दणदणीत की मला ते विजयाचे गाणे वाटे. पुढे कॉलेजात असताना वडिलांच्या ट्रंकेतली गाण्यांची एक जुनी पुस्तिका हाती लागली आणि तेच शब्द मी पहिल्यांदा, चालीवाचून, कागदावर वाचले. तेव्हा मी थबकलो. हे गाणे बाबासाहेबांची थोरवी गात नाही. त्यांच्यासमोर उभे राहून ते कबुली देते की तुझ्या मताची पाच माणसेही आमच्यात निघाली नाहीत. हजार नव्हे, शंभर नव्हे, पाच. आणि ही कबुली शेकडो माणसे एका सुरात, टाळ्यांच्या ठेक्यावर, दरवर्षी देत आली आहेत.

तेव्हापासून वामनदादा माझे सर्वांत आवडते गीतकार-गायक आहेत. त्यांच्या गाण्यांना 'प्रचाराची गाणी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ती नीट वाचलेलीच नाहीत, असे माझे ठाम मत आहे. प्रचाराचे गाणे समोरच्याकडे बोट दाखवते. वामनदादांचे हे गाणे ते गाणाऱ्यालाच जाब विचारते.

वरच्या दोन ओळी पुन्हा पाहा. मराठीत 'जर-तर'च्या वाक्याचे दोन्ही भाग एकाच रूपात संपतात: लोक असते, तर टोक असते. पहिले 'असते' अनेकवचनी पुल्लिंगी आहे, दुसरे एकवचनी नपुंसकलिंगी. उच्चार मात्र तोच. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते सांगण्यासाठी भाषेने जे रूप राखून ठेवले आहे, तेच दादांनी गझलेचा रदीफ, म्हणजे दर शेराला तसाच परत येणारा शब्द, म्हणून प्रत्येक शेराच्या शेवटी बसवले, त्यामुळे गाणे जसजसे पुढे सरकते तसतशी ती खंत पुन:पुन्हा कानावर आदळत राहते. पुढचा शेर तर याहून धारदार आहे: 'वाणीत भीम आहे, करणीत भीम असता, वर्तन तुझ्या पिलांचे सारेच चोख असते.' वाणीपाशी 'आहे' आणि करणीपाशी 'असता'. बोलण्यात जो आहे तो वागण्यात नाही, हे सांगायला त्यांनी एका क्रियापदाचे फक्त रूप बदलले. 'पिलांचे' या शब्दातली माया मात्र सुटलेली नाही. ज्यांना सुनवायचे त्यांनाच त्यांनी पंखाखालची पिले म्हटले आहे.

वृत्त आनंदकंद. 'सारे जहाँ से अच्छा' ज्या लयीत चालते, सुरेश भटांचे 'केव्हातरी पहाटे' ज्या लयीत चालते, तीच ही लय. 'तलवारीचे'मधला 'री' गाताना ऱ्हस्व होतो एवढे सोडले, तर या दोन्ही शेरांत मात्रा कुठेही अडखळत नाही. लोक आणि टोक या यमकांच्या रांगेत 'चोख' बसवल्याबद्दल एखादा काटेकोर गझलकार कपाळाला आठ्या घालील, पण मांडवात ऐकताना त्या 'ख'ची कुणालाही अडचण वाटलेली मी पाहिलेली नाही.

ही लय शाळेच्या पुस्तकातून आलेली नव्हती. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मलेले दादा शाळेत गेले नव्हते. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, या लाजेतून त्यांनी बाराखडी गिरवली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत ते जोडाक्षरे शिकले. त्यांनी पहिले गाणे ३ मे १९४३ रोजी रचले. त्यानंतर साठ वर्षे ते गावोगावी गात हिंडले आणि १५ मे २००४ रोजी वारले. हजारो गाणी त्यांच्या नावावर आहेत. 'वाटचाल' आणि 'मोहळ' या संग्रहांत त्यांतली थोडीच आली.

ज्याच्या लेखणीतून 'तयांच्या'सारखे जुन्या कवितेतले रूप सहज उतरते, तोच माणूस दुसऱ्या गाण्यात थेट चाळीच्या कट्ट्यावरची बोली बोलतो: 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो, सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठाय हो.' बाटा-टाटा-साठा-वाटा हा टकारांचा मारा ढोलकीच्या बोलांसारखा वाजतो, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो 'वाटा' हा शब्द. भाऊबंदकीत जमिनीचा वाटा मागतात, खळ्यावर धान्याचा वाटा मागतात. वाटा मागणारा याचक नसतो, तो हिस्सेदार असतो. शेवटचा 'हो' आदराचा आहे. आवाज न चढवता, 'अहो-जाहो' करत, त्यांनी देशाच्या संपत्तीचा हिशेब मागितला.

दादांच्या स्वतःच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे फारशी ऐकायला मिळत नाहीत. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती बहुतेक दुसऱ्यांच्या गळ्यांतून. म्हणूनच त्यांच्या बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात येणारी 'वामन' ही नाममुद्रा मला महत्त्वाची वाटते. संतांनी अभंगात आपले नाव गुंफले, तसेच हे. गाणे कुणीही गावे, कोणत्याही चालीत गावे, पण शेवटी रचणाऱ्याचे नाव गाणाऱ्याच्या तोंडून निघावे, एवढी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. हल्ली मिरवणुकीत डीजेवर मुखडा आणि एखादे कडवे वाजते आणि लगेच पुढचे गाणे सुरू होते. नाममुद्रेचे कडवे येतच नाही. माझ्या पिढीतल्या अनेकांना ही गाणी पाठ आहेत आणि ती कुणाची हे ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यंदा जयंतीच्या रात्री मिरवणूक पुढे निघून गेल्यावर वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी ट्रंकेतली ती पुस्तिका मागवून घेतली, चष्मा पुसला आणि बिनसाथीचे, थरथरत्या आवाजात, गाणे 'वामन' येईपर्यंत म्हटले.