तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं रचलेलंच असतं ना?

"इतक्या कथा-कादंबऱ्या वाचता, पण त्यात सगळं रचलेलंच असतं ना? मग खोट्यातून खरेपणा कसा शिकायचा?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं एक ठरलेलं उत्तर तयार आहे. "वाचनानं माणूस समृद्ध होतो," असं काहीतरी मी म्हणते, समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. परवा एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं तेव्हाही मी तेच वाक्य पुढे केलं. तो म्हणाला, "ताई, हे तुम्हाला खरंच वाटतं का?"

नाही वाटत. समृद्ध-बिमृद्ध काही नाही. भरपूर वाचलेली आणि तरीही अट्टल खोटारडी माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या एकीला तर मी फारच जवळून ओळखते, तिच्याबद्दल पुढे येईलच.

मध्यंतरी मी संशोधनाचा आधार घ्यायचे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड किड आणि एमान्वेले कास्तानो यांचा एक अभ्यास आला होता. दर्जेदार ललित उतारा वाचल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत लोकांना दुसऱ्याच्या मनातलं थोडं जास्त ओळखता आलं, असा त्याचा निष्कर्ष. मला तो फार आवडला, कारण तो माझ्या बाजूचा होता. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. हे वाचल्यावरही दोन-तीन वर्षं मी लोकांना पहिलाच अभ्यास ऐकवत राहिले. वादात जिंकायला तेवढं पुरायचं.

तर आता आधार सोडून उत्तर देते.

लहानपणीच्या गोष्टींतला खरेपणा म्हणजे सरळ सरळ व्यवहार असतो. लाकूडतोड्या खरं बोलला, त्याला सोन्याची कुऱ्हाड मिळाली. मेंढपाळ पोरगा 'लांडगा आला रे आला' म्हणत राहिला, त्याची मेंढरं गेली. खरं बोला, फायदा होईल. पण ज्या खरं बोलण्यानं नुकसानच होणार आहे, त्याचं काय करायचं हे त्या गोष्टी सांगत नाहीत. त्या मानानं 'नरो वा कुंजरो वा' ही गोष्ट फार मोठ्या माणसांची आहे. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिर द्रोणांना "अश्वत्थामा मेला" म्हणाला आणि 'कुंजर', म्हणजे हत्ती, हा शब्द नुसता पुटपुटून घेतला. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर तो खोटं बोललाच नाही. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. हा रथ मला भाषेच्या तासाला ऐकला तेव्हा गमतीचा वाटला होता. तो माझ्याही दारात टेकला, त्याला बरीच वर्षं मध्ये गेली.

बाबा आजारी होते. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला आणि काकांना बाहेर बोलावून सांगितलं. आम्ही दोघांनी तिथंच, जिन्यात उभं राहून ठरवून टाकलं की बाबांना सांगायचं नाही. कोणी कोणाला विचारलंही नाही. ते जणू आधीच ठरलेलं होतं. रिपोर्ट मी घडी करून औषधांच्या निळ्या पिशवीत, अगदी तळाशी ठेवला. रात्री बाबांनी विचारलं, "रिपोर्टचं काय झालं?" मी म्हणाले, "अजून आला नाही."

ते पहिलं. पुढचं सगळं कुंजर होतं. "डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय." सांगितलंच होतं. "या औषधानं थोडा अशक्तपणा येणारच." येतच होता. चार महिने आम्ही असं एकही वाक्य चुकीचं न बोलता खोटं बोलत होतो, आणि मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं, की बघा, मी किती धीरानं सांभाळतेय.

बाबा गेल्यावर चारेक वर्षांनी टॉल्स्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' वाचली. १८८६ सालची ही छोटी कादंबरी. पंचेचाळीस वर्षांचा न्यायखात्यातला अधिकारी, नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीत मार बसतो. एवढ्याशा कारणानं सुरू झालेलं दुखणं त्याला संपवतं. (पहिल्या प्रकरणात तो आधीच मेलेला आहे आणि सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या जागेवर आता कोणाची नेमणूक होईल याचा. टॉल्स्टॉय असा पहिल्या पानापासून गचांडी धरतो.)

ती वाचताना मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं ते एका ठरावीक ठिकाणी. इव्हान इलिचला वेदनेपेक्षाही जास्त छळतं ते सगळ्यांनी धरून ठेवलेलं खोटं. तो मरत नाहीये, नुसता आजारी आहे, शांत राहिला आणि औषधं घेतली की बरा होईल, हे खोटं. सगळ्यांना माहीत असतं, त्यालाही माहीत असतं, आणि त्याला स्वतःलाही त्या नाटकात भाग घ्यावा लागतो. किती वेळा त्याच्या ओठांवर येतं की थांबा आता, बंद करा हे. पण त्याच्याकडून ते म्हटलं जात नाही.

त्या घरात खोटं न बोलणारा एकच माणूस, गेरासिम नावाचा नोकर पोरगा. इव्हान इलिचचे पाय वर धरले की त्याला बरं वाटतं, म्हणून हा पोरगा रात्र-रात्र ते पाय खांद्यावर घेऊन बसतो. सगळ्यांनाच मरायचंय, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत, असं तो सहज बोलून जातो. मोठं सत्य वगैरे सांगितल्याचा आव नाही. हे मी नंतर बऱ्याचदा वाचलंय आणि दर वेळी वाटतं, त्याला खरं बोलणं परवडतं कारण तो पाय धरून बसलाय. नुसतं खोलीच्या दारात उभं राहून तेच वाक्य म्हटलं असतं तर ते क्रूर झालं असतं.

तोवर मी आमच्या त्या चार महिन्यांकडे आमच्या बाजूनंच पाहत होते. आम्ही किती सोसलं, किती लपवलं. पलंगावरच्या माणसाच्या बाजूनं ते कसं दिसत असेल, हा विचार माझ्या मनात चार वर्षांत एकदाही आला नव्हता. तो यायला एक रशियन न्यायाधीश लागला, जो कधी जन्मालाच आला नव्हता. रचलेलं असतं ते असं.

शेवटच्या घटकेला इव्हान इलिचला बायकोला 'क्षमा कर' म्हणायचं असतं. रशियनमध्ये 'प्रोस्ती'. तोंडातून निघतं 'प्रोपुस्ती', म्हणजे 'जाऊ दे', वाट दे या अर्थानं. चूक सुधारायचीही ताकद नसते. मराठीत 'जाऊ दे' म्हटलं की आणखीच काहीतरी होतं, कारण आपण झालं-गेलं सोडून द्यायलाही तेच म्हणतो. बाबा शेवटच्या आठवड्यात ते फार म्हणायचे. पाणी सांडलं, जाऊ दे. काका आले नाहीत, जाऊ दे. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "सारखं काय जाऊ दे, जाऊ दे!"

दुसरं पुस्तक काझुओ इशिगुरो यांचं 'द रिमेन्स ऑफ द डे', १९८९ सालचं. स्टीव्हन्स नावाचा इंग्रज बटलर स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. १९२३ साली मालकाच्या हवेलीत मोठी परिषद भरलेली असते, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टीव्हन्सचे वडील मरत असतात. तो पाहुण्यांना पेयं देत राहतो. आपल्याला काय वाटलं याबद्दल तो एक शब्द लिहीत नाही. आपल्याला कळतं ते मालकाच्या एका वाक्यातून. तो म्हणतो, स्टीव्हन्स, बरा आहेस ना? रडतोयस की काय असं दिसतंय. स्टीव्हन्स हसून रुमालानं तोंड पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीचं कारण देतो. आणि पुढे त्या रात्रीची आठवण तो अभिमानानं सांगतो.

हे लेखनातलं कसब म्हणून अप्रतिम आहेच, पण मला त्यानं दुसरंच काहीतरी दिलं. अशा निवेदकाचं पुस्तक तीनशे पानं वाचलं की कानाला एक सवय लागते. माणूस काय सांगतोय याच्या जोडीला तो कशावरून घाईघाईनं पुढे जातोय, कुठे उगाच जास्त स्पष्टीकरण देतोय, हे ऐकू यायला लागतं. आणि एकदा ती सवय लागली की आपण स्वतःच्याच बोलण्याला सापडतो. बाबा गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी मी कामावर गेले होते. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय?" मी म्हणाले, "सर्दी झालीय." हा प्रसंग मी अनेकांना सांगितला होता, माझ्या खंबीरपणाचा दाखला म्हणून. स्टीव्हन्स वाचल्यानंतर तो तसा सांगता येईना.

नेमका कोणता भाव होता तो? दुःख तर होतंच. पण त्याच्या तळाशी, औषधांखालच्या कागदासारखी, भीती होती. बाबांना खरं सांगितलं असतं तर ते रडले असते, आणि बाबांना रडताना पाहणं मला झेपलं नसतं. आम्ही 'त्यांना धक्का बसू नये' म्हणत होतो, ते बरंचसं आम्हाला धक्का बसू नये म्हणून होतं. हे मला कुठल्याही उपदेशानं कबूल करता आलं नसतं. उपदेश समोरून येतो, आणि समोरून आलेल्याला परतवायची मला चांगली सवय आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं सांगून टाकावं तर! इथे कथाच आडव्या येतात, आणि हे मला त्यांचं सगळ्यात आवडतं. इब्सेनच्या १८८४ सालच्या 'वाइल्ड डक' नाटकात ग्रेगर्स नावाचा सत्याचा भक्त एका सुखी कुटुंबात शिरून जुनं गुपित उघड करतो, संसार आता खऱ्या पायावर उभा राहील या खात्रीनं. त्याची किंमत चुकवते ती घरातली चौदा वर्षांची मुलगी, जिवानिशी. ग्रेगर्स एक अक्षर खोटं बोलत नाही. तरी नाटक संपताना सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

टॉल्स्टॉयनं स्वतः काय केलं तेही पाहा. १८६२ मध्ये लग्नाच्या तोंडावर त्यानं आपल्या जुन्या डायऱ्या, सगळ्या भानगडींसकट, होणाऱ्या बायकोच्या हातात ठेवल्या. ती अठरा वर्षांची होती. लपवाछपवी नको हा त्याचा हेतू. तिच्या मनातली ती जखम पुढे कधी पुरती भरली नाही. 'ॲना कॅरेनिना'मध्ये लेविन किटीला डायरी देतो तो प्रसंग तिथूनच आलाय. कादंबरीत किटी रडते आणि माफ करते. मला नेहमी वाटतं, ती डायरी देणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून मोकळं होणं होतं. पण हे टॉल्स्टॉयला कळत नव्हतं असंही म्हणवत नाही, कारण गेरासिम त्यानंच लिहिलाय.

त्यामुळे खरं बोलावं की नाही याचं माझ्याकडे आजही एका ओळीचं उत्तर नाही. फरक पडला तो एवढाच, की मध्यंतरी एक जवळची मैत्रीण आजारी पडली तेव्हा मी तिच्या घरच्यांशी जिन्यात उभं राहून काही ठरवलं नाही. तिलाच विचारलं, "तुला किती जाणून घ्यायचंय?" ती म्हणाली, "आज नको. उद्या विचार." मी दुसऱ्या दिवशी विचारलं. पुन्हा "उद्या" म्हणाली. असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी ती म्हणाली, "बस, सांग." आता ती बरी आहे, म्हणून हे लिहिणं सोपं जातंय, तसं नसतं तर कदाचित लिहिलंही नसतं.

हे सगळं त्या सहकाऱ्याला एका दमात सांगता आलं नाही. त्याला मी फक्त म्हणाले, "वाच आणि मग बोलू." पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आईला पहिल्यांदा विचारलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्या रिपोर्टचा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता.

"आई, बाबांना कळलं होतं का गं?"

आई हातातलं काम करत राहिली. मग म्हणाली, "तू तो कागद कुठे ठेवला होतास?"

"औषधांच्या पिशवीत. निळ्या. तळाशी."

"त्यांचा चष्मा त्याच पिशवीत असायचा," आई म्हणाली.