शून्याने गुणलेला सल्ला

ऑगस्टअखेर, पऱ्हाटी पात्या-फुलांवर आलेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वेबसाइटवर सकाळीच गुलाबी बोंडअळीचा सल्ला चढवला होता: हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, सलग 3 रात्री सापळ्यामागे दर रात्री 8 पतंग आढळले की फवारणी घ्या. दुपारी एका कृषी केंद्रवाल्याचा फोन आला. "भाऊ, शोधात बोंडअळी टाकलं तं मागच्या सालच्या सभेची सूचनाच वर येऊन राह्यली. सल्ला कुठी गेला?"

त्या वेबसाइटचा शोध आम्ही सांभाळतो. सल्ला निकालांच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला होता.

कंपनीचं म्हणणं, सगळं तारखेने लावून टाका. ही मागणी हमखास येते. पण निव्वळ तारखेची क्रमवारी लावली की इलॅस्टिकसर्च, म्हणजे शोधामागचं सॉफ्टवेअर, स्कोअर (पान शोधशब्दाला किती जुळतं त्याचे गुण) मोजतच नाही. मग ज्या ताज्या पानात बोंडअळी हा शब्द एकदाच, तोही तळटिपेत आलाय, तेही वर चढतं. दुसरं म्हणणं, बोंडअळी या शब्दाला सल्ला कायम वर पिन करून ठेवा. तो एका शब्दापुरता उपाय झाला.

आम्ही आधी क्वेरीला एक्सप्लेन, म्हणजे गुण कसे पडले ते दाखवणारा पर्याय, लावून स्कोअरची फोड काढली. मजकुराचा स्कोअर सल्ल्याचा चांगला होता, सूचनेपेक्षा जास्तच. खाली मात्र एकूण स्कोअर 0. कारण क्लिकच्या फील्डमध्ये, म्हणजे पान किती वेळा उघडलं ते साठवणाऱ्या रकान्यात सापडलं. जास्त उघडली जाणारी पानं वर यावीत म्हणून कोणीतरी फील्ड व्हॅल्यू फॅक्टर (रकान्यातल्या आकड्यावरून गुणक काढणारं फंक्शन) लावला होता, आकडा बदलून घेणारा मॉडिफायर लॉग1पी. तो संख्येत 1 मिळवून दहाच्या पायाचा लॉग घेतो: 9 क्लिकला 1, 99 ला 2 आणि 0 क्लिकला 0. बूस्ट मोड, म्हणजे हा गुणक मजकुराच्या स्कोअरला कसा लावायचा ते, मुळातच गुणाकाराचा. म्हणजे नवं पान कितीही नेमकं असलं तरी पहिली क्लिक येईपर्यंत शून्य, आणि तळाच्या पानाला क्लिक देणार कोण?

मॉडिफायर तसाच ठेवून शेजारी वजन 1 चं एक स्थिर फंक्शन जोडलं आणि स्कोअर मोड, म्हणजे फंक्शनं आपसात कशी मिळवायची ते, बेरजेचा केला. आता 0 क्लिकलाही गुणक 1 राहतो.

ताजेपणासाठी गॉस डीके, म्हणजे पान जुनं होईल तसा गुणक घटवणारं फंक्शन, होताच, स्केल 30 दिवस. इथे लोक फसतात. 30 दिवसांनी गुणक 0.5, पण 60 दिवसांनी 0.06 आणि 90 दिवसांनी जवळपास 0.002, वक्र सरळ उतरत नाही, कोसळतो. शेतीत तर हे उलटंच पडतं: मागच्या ऑगस्टचा बोंडअळीचा सल्ला या ऑगस्टला फेब्रुवारीतल्या कापूस खरेदीच्या बातमीपेक्षा कितीतरी कामाचा. म्हणून डीकेही त्याच बेरजेत टाकला, आणि पानाला हंगामाचे महिने हे वेगळं फील्ड देऊन चालू महिना जुळला तर 0.5 वजन वाढवलं.

राहिलं शब्दांचं. शेतकरी पऱ्हाटी टाकतो, सल्ल्यात कपाशी असतं, बातमीत कापूस. त्यात पऱ्हाटीतला ऱ दोन प्रकारे टाइप होतो: कोणी थेट ऱ वापरतो, कोणी र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना एकच, इंडेक्सला (शोधाच्या शब्दसूचीला) दोन शब्द. मजकूर शोधासाठी शब्दांत तोडून सारखा करणारा ॲनालायझर मराठीचा तयार नाही. हिंदीचा नॉर्मलायझर, त्यातला अक्षरं सारखी करणारा भाग, मात्र दोन्ही रूपं एक करतो, तेवढा उचलायचा. हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय छाटणारा भाग, घेऊ नये, मराठीचे प्रत्यय वेगळे. समानार्थी शब्दांचा फिल्टर नॉर्मलायझरच्या नंतरच लावायचा, नाहीतर यादीतली पऱ्हाटी एकाच रूपाला जुळते, दुसऱ्याला नाही. ॲनालायझर बदलला की रीइंडेक्स, म्हणजे सगळी पानं सूचीत नव्याने घालणं, आलंच. जुनी पानं आपोआप बदलत नाहीत.

नेहमीच्या शोधशब्दांची यादी घेऊन प्रत्येकाचे पहिले पाच निकाल आधीचे आणि नंतरचे शेजारी लावले. बहुतेक सुधारले, 'सोयाबीन भाव' बिघडला: वर आठवड्यापूर्वीचे, भरपूर क्लिक झालेले दर. तिथे मात्र कंपनीचंच म्हणणं बरोबर होतं. भावाची पानं वेगळ्या प्रकारात टाकली आणि त्यांना सरळ तारखेने लावलं.