पोचल्यावर फोन कर

आमच्याकडे कोणी घराबाहेर पडलं की आई एवढंच म्हणते, पोचल्यावर फोन कर. मग तो ठाण्याहून दादरला का निघालेला असेना.

2019 च्या गौरीपूजनाची रात्र, 6 सप्टेंबर. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, पाहुणे सगळं उरकून घर झोपलेलं, आणि मी आणि आई टीव्हीसमोर चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरायची वाट बघत. मधेच गॅलरीत जाऊन आले तर चंद्र केव्हाच मावळलेला, अष्टमीचाच तो, किती वेळ थांबणार. आई म्हणाली बघ, चवथीला चंद्र बघू नये म्हणतात आणि या इस्रोवाल्यांनी नेमका त्याच दिवशी लँडर ऑर्बिटरपासून, म्हणजे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानापासून, सोडला. आता यावर काय बोलणार, तारीख खरंच 2 सप्टेंबर होती!

1:38 ला उतरायला सुरुवात. 30 किलोमीटर उंची, ताशी 6000 च्या आसपास वेग, आणि पंधरा मिनिटांत तो शून्यावर आणायचा, तिथे हवाच नाही त्यामुळे पॅराशूटचा काही उपयोग नाही, जे काय ब्रेक मारायचे ते इंजिनांनीच. टीव्हीवर मात्र यातलं काही दिसत नाही हां. दिसतो फक्त एक ग्राफ, लाल रेघेवरून सरकणारा हिरवा ठिपका, आणि आपण त्या ठिपक्यात जीव अडकवून बसायचं. तो ठिपका लाल रेघेवरून जरासा घसरला आणि थांबला. बेंगळुरूच्या त्या हॉलमध्ये कोणी काही बोलेचना. बऱ्याच वेळाने इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सिवन सरांनी सांगितलं की 2.1 किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं, नंतर संपर्क तुटला.

"रेंज नसेल तिथे," आई म्हणाली. मी हसले नाही.

पुढे कळलं की इंजिनांनी हिशेबापेक्षा जास्त जोर लावला होता आणि उतरायची जागा जेमतेम अर्धा किलोमीटरचा चौकोन, म्हणजे आमच्या सोसायटीत ठरलेल्याच खांबाशेजारी गाडी लावायचा हट्ट. पुढच्या खेपेला, चांद्रयान-3 ला, त्यांनी जागा चांगली चारेक किलोमीटर लांबीची घेतली, एक इंजिन कमी केलं, पाय जाड केले, इंधन वाढवलं. मला हे फार आवडलं.

23 ऑगस्ट 2023, संध्याकाळी 6:04. मी ऑफिसात, मोबाईलवर बघतेय, सगळा फ्लोअर ओरडतोय आणि तेवढ्यात आईचा फोन.

"पोचलं गं!" एवढंच म्हणाली आणि ठेवला, कुकरची शिट्टी होत होती मागे.