जांभ्याच्या मुलखातील लोहाची टंचाई

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, आणि पहिल्या पावसात कलमांच्या बागेतून वाहणारे पाणी गडद तांबडे होते. हा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. युगानुयुगे कोसळणाऱ्या पावसाने खडकातील सिलिका वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. अशा मातीतील जीवाणूंना लोहासाठी झगडावे लागते, हे शिकलो तेव्हा मला ते खरे वाटले नव्हते.

हवेतील ऑक्सिजनमुळे लोह फेरिक रूपात जाते आणि हे रूप पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सामू ७ असलेल्या एक लिटर पाण्यात मुक्त फेरिक लोहाचे अवघे काही लाख अणू असतात. एका जीवाणूला दुभागण्यापूर्वी साधारण तितकेच अणू लागतात. म्हणजे लिटरभर पाणी एका पेशीच्या वाट्याचे!

यावर जीवाणूंनी काढलेला मार्ग मला फार थोर वाटतो. ते सायडेरोफोर नावाचे लहान रेणू घडवून बाहेर सोडतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच लोहवाहक असा आहे. हा रेणू फेरिक लोहाला बहुधा सहा बाजूंनी कवटाळतो आणि खनिजात अडकलेला अणू विरघळलेल्या रूपात आणतो. ई. कोलाय या जीवाणूचा एंटेरोबॅक्टिन हा सायडेरोफोर तर लोहाला इतका घट्ट धरतो, की पेशीत परतल्यावर लोह सोडवण्यासाठी एका विकराला तो रेणूच तोडावा लागतो. परतीची वाटही सोपी नसते. लोहासह हा रेणू बाह्यपटलाच्या साध्या छिद्रांतून मावत नाही. त्याला ओळखणारे खास ग्राहक प्रथिन लागते, आणि त्या प्रथिनाचे दार उघडण्याची ऊर्जा आतल्या पटलाकडून टॉनबी नावाच्या प्रथिनामार्फत पोचते. पेशीत लोह पुरेसे झाले की फर हे नियंत्रक प्रथिन सारी निर्मिती थांबवते, कारण असे रेणू घडवणे खर्चिक असते. काही जीवाणू तो खर्च टाळून केवळ ग्राहक प्रथिने बाळगतात आणि शेजाऱ्याने सोडलेले सायडेरोफोर लोहासकट उचलतात.

विद्यार्थ्यांना हे दाखवण्यासाठी मी श्विन आणि नीलँड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत वापरतो. क्रोम अझुरॉल एस हा रंग लोहाशी बांधलेला असताना निळा दिसतो. सायडेरोफोरने लोह काढून घेतले की तो नारिंगी होतो. गेल्या पावसाळ्यात हापूसच्या कलमाच्या मुळांलगतची चिमूटभर माती पाण्यात कालवून, ते पाणी पातळ करून आम्ही हा रंग मिसळलेल्या निळ्या थाळीवर पसरले. दोन दिवस काहीच बदलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एका फिकट पिवळसर वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटले होते, आणि संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या वसाहतीपर्यंत पोचले.