पत्ते वाटणारे दोघं

शुक्रवार, रात्री उशिरा

घरात नेट आहे आणि नाहीये. दोन्ही एकाच वेळी.

खाली हॉलमधे बाबांचा (म्हणजे सासऱ्यांचा) डेस्कटॉप, राउटरपासून हातभर लांब, सरळ वायरने जोडलेला, त्याला नेट नाही. वर मागच्या खोलीत चिरंजीवांचा पीसी, मधे एक स्लॅब आणि जुन्या बांधकामाच्या जाडजूड भिंती, तिथे गेम मजेत चालू. आईंचा लॅपटॉप डायनिंग टेबलवर वायफायवर असतो, सकाळी त्यांनी त्यावर कीर्तन ऐकलं आणि दुपारी तो ‘नो इंटरनेट’ म्हणायला लागला. माझा ऑफिसचा लॅपटॉप सकाळी ठीक होता, दोन मीटिंगच्या मधे चहा करायला गेले, येऊन झाकण उघडलं तर ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन जोडेचना. मग फोनचा हॉटस्पॉट लावून दिवस काढला, डेटा संपत आल्याचा मेसेज चार वाजताच आला.

प्रत्येकाची थिअरी तयार. आई म्हणतात पावसाने वायरीत पाणी गेलं असणार. चिरंजीव म्हणतो आजोबा यूट्यूब फार बघतात म्हणून. नवरा बेंगलोरहून फोनवर, सगळं बंद करून चालू कर. केबलवाल्याला फोन केला तर त्याचं पहिलं वाक्य, ‘मॅडम, साहेब आहेत का घरात?’ साहेब नाहीत, मीच आहे, बोला. मग म्हणाला आमच्या इथून लाइन ओके दिसतीये, तुमच्या कॉम्प्युटरमधेच प्रॉब्लेम असेल. एवढ्या कॉम्प्युटरमधे एकाच आठवड्यात? पण लाइन ओके आहे हे त्याचं खरंच होतं, कारण चिरंजीवांचा गेम चालूच होता ना.

मला सगळ्यात राग आला तो रीस्टार्टचा. जो तो आपापलं मशीन बंद करून चालू करतोय, आणि गंमत म्हणजे कधीकधी त्याने चालूही होतंय, त्यामुळे सगळ्यांचा त्या उपायावर विश्वास बसलाय. पण बाबांचं चालू झालं तेव्हा आईंचं बंद. आईंनी केलं तर त्यांचं आलं, आणि संध्याकाळी चिरंजीवांचा पीसी पहिल्यांदा आडवा झाला तेव्हा घरात खरी बोंब झाली. रीस्टार्ट केलं की मशीनला आधी काय झालं होतं तेच पुसलं जातं, मग शोधायचं काय? जेवताना मी जाहीर केलं, उद्या माझं काम संपेपर्यंत कोणीही काहीही बंद-चालू करायचं नाही, चालतंय ते चालू द्या, बंद आहे ते बंद राहू दे. चिरंजीवांचं बंद होतं त्यामुळे त्याने तोंड वाकडं केलं.

रविवार, दुपारी

काल शनिवारी ऑफिसचंच काम निघालं त्यामुळे ‘उद्या’ आज उजाडला. बरं झालं, तेवढ्यात कोणी हात लावला नाही.

आधी घरातली जोडणी लिहून ठेवते, पुढच्या वेळी मलाच लागेल. खाली हॉलमधे इंटरनेटवाल्यांनी दिलेला डबा, भिंतीवर उंच लावलेला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. बाहेर घराला एकच पत्ता मिळतो, तो या डब्याकडे. घरातल्या सगळ्यांना तो आतले पत्ते वाटतो, १९२.१६८.१ ने सुरू होणारे, आणि सगळ्यांचं येणंजाणं आपल्या एका पत्त्यावरून करतो. त्याच्यातून एक लांब वायर खिडकीशेजारच्या पाइपातून वरच्या खोलीत. तिथे आमचा जुना राउटर पडून होता तोच स्विचसारखा, म्हणजे एका वायरीवर अनेक मशीन जोडायला, वापरलाय, त्याचं पत्ते वाटायचं काम म्हणजे डीएचसीपी बंद करून, वायफायही बंद करून, खालून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टमधे, म्हणजे घरातली मशीन जोडायच्या भोकात. त्याला चिरंजीवांचा पीसी, माझा लॅपटॉप आणि प्रिंटर. गेली काही वर्षं हे असं निमूट चाललंय.

आता काम काय केलं तर फार काही नाही. कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि प्रत्येक मशीनवर जाऊन काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग ही पत्ता दाखवणारी कमांड मारली, पत्ता काय आणि डिफॉल्ट गेटवे (म्हणजे बाहेर जायचं दार) काय हे दोनच रकाने. पहिलं भाकीत होतं की नेट बंद असलेल्या मशीनवर १६९.२५४ वाला पत्ता दिसेल. तो पत्ता म्हणजे मशीनने हाका मारल्या, कोणीच उत्तर दिलं नाही, मग त्याने स्वतःच्या मनाने एक पत्ता घेतला. तसं असतं तर वायर नाहीतर डबा बघायचा. पण तसं नव्हतं. बाबांचा डेस्कटॉप, १९२.१६८.०.१०१, गेटवे १९२.१६८.०.१. चिरंजीवांचा पीसी ०.१०३, गेटवे तोच. आईंचा लॅपटॉप १.१०४, गेटवे १.१. माझा १.१०७.

म्हणजे ज्यांचं बंद ते सगळे शून्यात आणि ज्यांचं चालू ते सगळे एकात.

मग एकेक विचित्र गोष्टीचा अर्थ लागत गेला. बाबांच्या पीसीवरून प्रिंटर दिसत नव्हता आणि आईंच्या लॅपटॉपवरून दिसत होता, कारण प्रिंटरला मी हाताने १.५० दिलाय. चिरंजीव म्हणाला होता की आजोबांच्या शेअर केलेल्या फोल्डरमधले फोटो तर मला दिसतायत, मग नेट का नाही. बरोबर आहे, दोघं एकाच बाजूला, एकमेकांना दिसणारच. बाबांच्या मशीनवरून १९२.१६८.०.१ ला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ म्हणून हाक मारली, तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर, म्हणजे तो कोणीतरी घरातच आहे. ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्याला पिंग केलं तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. नुसतं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आकड्याचा पत्ता शोधायची सोय, बिघडलं असतं तर आकड्याच्या पत्त्याला उत्तर आलं असतं आणि फक्त नावं उघडली नसती. इथे आकडाही नाही, म्हणजे गेटवेच्या पुढे रस्ताच नाही.

आणि आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं की एक ओळ येते, डीएचसीपी सर्व्हर. लोक ही ओळ कधी वाचतच नाहीत, मला विचाराल तर पहिली तीच वाचावी. बाबांच्या मशीनवर तिथे १९२.१६८.०.१ होतं. घरात पत्ते वाटणारे दोघं झाले होते.

होतं काय की मशीन चालू झालं की सगळ्या घराला ओरडून विचारतं, मला पत्ता कोण देतंय? त्याला माहीतच नसतं कोण देणार, म्हणून ओरडायचं. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता बहुतेक वेळा घेऊन मोकळं. पत्त्याबरोबर गेटवेही तोच सांगतो. लग्नाच्या दारात दोघं स्वागताला उभे आहेत, एक खऱ्या हॉलकडे पाठवतोय आणि दुसरा त्याच उत्साहाने बंद हॉलकडे, ज्याला जो आधी भेटला त्याचं जेवण त्यावर अवलंबून, तसं. म्हणून रीस्टार्टने कधी यायचं आणि कधी जायचं. म्हणूनच झाकण उघडल्यावर माझं गेलं, लॅपटॉप झोपेतून उठला की पत्त्याची पुन्हा चौकशी करतो. आणि अंतराचा काही संबंधच नाही, वायर सगळी एकच असल्यामुळे वरच्या खोलीतला उपद्व्यापी खाली हॉलमधल्यालाही पत्ता देऊ शकतो.

हे मी आधी पाहिलंय, म्हणूनच ती ओळ वाचायची सवय. कॉलेजात असताना साताऱ्यात ओळखीच्यांच्या सायबर कॅफेत संध्याकाळी बसायचे. तेव्हा घरोघरी असले डबे नव्हते, एका मशीनला मोडेम आणि बाकी सगळे त्या मशीनमधून. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, ते इंटरनेट कनेक्शन शेअरिंग विंडोजमधेच होतं. एक टिक मारली की ते मशीन स्वतः १९२.१६८.०.१ व्हायचं आणि बाकीच्यांना पत्ते वाटायचं. मुख्य मशीन कोणी चुकून बंद केलं की अख्ख्या कॅफेतून एकदम ‘ओऽऽ’. एकदा कुठल्यातरी गिऱ्हाइकाने कोपऱ्यातल्या मशीनवर हीच टिक मारून ठेवली होती आणि दिवसभर हेच, अर्ध्या मशीनना नेट, अर्ध्यांना नाही, मालक चिडून हब, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात तो डबा, बदलायला निघालेले. आता नव्या विंडोजमधे ती टिक मारली तर पत्ता १९२.१६८.१३७.१ येतो, त्यामुळे १३७ दिसला असता तर मी थेट कोणाच्यातरी लॅपटॉपवर संशय घेतला असता. इथे शून्य होता.

खात्री करायला एआरपी डॅश ए मारलं, कुठला पत्ता कुठल्या यंत्राचा ते त्यात दिसतं, ०.१ समोर त्याचा मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राचा कारखान्यातला नंबर आला, तो कागदावर लिहिला आणि वर जाऊन जुन्या राउटरच्या पोटावरचं स्टिकर वाचलं. तोच. शेवटच्या आकड्यापर्यंत.

चिरंजीव मागे उभा, अगदी सहज म्हणतो, ‘अगं आई, शेजारच्यांनी पण असलाच राउटर घेतलाय बहुतेक, दोनतीन दिवस याच कंपनीचं नाव वायफायच्या यादीत दिसतंय.’ अरे बाळा, तो आपलाच आहे. वायफायपण परत चालू झालं होतं, कारखान्यातून आल्या नावाने. म्हणजे नुसती एखादी सेटिंग हलली नव्हती, कोणीतरी तो पार फॅक्टरी रीसेट केला होता, म्हणून मी बंद केलेलं पत्ते वाटणंही परत चालू.

आता कोणी, हे कळायला वेळ लागला नाही. खाली येऊन नुसतं विचारलं, वरच्या राउटरला कोणी हात लावला होता का, तर बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, ‘हो, मी. गुरुवारी.’ गुरुवार म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार. दुपारी लाइट आली तरी नेट आलं नाही, बाबांनी हेल्पलाइनला फोन लावला, तिकडच्या मुलाने राउटर रीसेट करा म्हणून सांगितलं. खालचा डबा उंचावर, स्टूलावर चढायला आईंनी बंदी घातलीये, म्हणून बाबा जिना चढून वर गेले, राउटर शोधला, रीसेट लिहिलेलं भोक सापडलं, आईंची सेफ्टी पिन घेतली आणि बँकेतल्या शिस्तीने पूर्ण दहा सेकंद दाबून धरली. ‘आणि नेट आलं ना त्यानंतर लगेच!’ हे वर. आलं असणार, लाइट आल्यावर बाहेरच्या लाइनला यायला वेळ लागतो ते तेव्हाच आलं असणार. पण बाबांच्या हिशोबात घरातलं नेट त्यांच्या पिनने आणलं, आणि त्यानंतर जे बिघडलं ते बाकीच्यांनी बिघडवलं. मी वाद घातला नाही. पंचाहत्तरीचा माणूस स्वतः जिना चढून सूचना पाळतो, माझ्या टीममधली पोरं ईमेल पूर्ण वाचत नाहीत.

दुरुस्तीला शोधण्यापेक्षा कमी वेळ लागला. जुन्या राउटरची खालून आलेली वायर काढली, म्हणजे बाकी घर त्याच्या तावडीतून सुटलं. माझा लॅपटॉप एकट्याने त्याला जोडला, ब्राउझरमधे १९२.१६८.०.१, स्टिकरवरचा पासवर्ड टाकून आत, डीएचसीपी बंद, वायफाय बंद, पासवर्ड बदलला, आणि शेवटी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. हे शेवटीच करायचं, कारण पत्ता बदलला की तुम्ही ज्या पानावर असता तेच हरवतं. १.२ निवडला कारण खालचा डबा १.१०० पासून पुढे वाटतो, त्याच्या वाट्यात येत नाही. मग वायर परत लावली, लॅनमधेच. बाहेरून येणाऱ्या नेटसाठी वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट असतं त्यात लावली तर वरचं आणि खालचं घर दोन वेगळी नेटवर्क होतील आणि खालून प्रिंटर गायब होईल. मग बंद असलेल्या दोन्ही मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, स्लॅश रिन्यू, म्हणजे जुना पत्ता सोड, नवा माग. दोघंही १ मधे आले. बाबांचं पोर्टफोलिओचं पान उघडलं, ते बघून बाबा म्हणाले हे उघडलं नसतं तरी चाललं असतं, लाल आहे सगळं.

रीसेटच्या भोकावर इन्सुलेशन टेप चिकटवलीये. खालच्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘नेट गेलं तर फक्त हा, फक्त स्विच बंद-चालू’, आणि त्याचा स्विच बाबांच्या हाताला येईल असा खालच्या बोर्डवर आणायला इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. हेल्पलाइनचा नंबर आता माझ्या फोनवर आहे, बाबांना सांगितलं आधी मला फोन करा. ‘तू मीटिंगमधे असतेस,’ म्हणाले. ते पण खरंय.

रविवार, रात्री

एक राहिलंच. चिरंजीवांनी स्पीड टेस्ट केली, वर चौऱ्याण्णवच्या वर जात नाही आणि आपण तर दोनशेचे पैसे भरतो असा युक्तिवाद सुरू. जुन्या राउटरची पोर्ट्स शंभर एमबीपीएसवालीच आहेत, त्यातून चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच मिळणार, त्यात त्याचा दोष नाही. मी हे इतके दिवस बोलले नव्हते कारण मला पुरत होतं. पण आता पाच पोर्टचा गिगाबिट (हजार एमबीपीएसवाला) स्विच आणावा म्हणते, हजाराच्या आसपास मिळतो, वायर आहेच चांगली, आठही तारा धड असतील तर गिगाबिट धरेल, एखादी जोडी तुटलेली निघाली तर शंभरवरच अडकेल, मग क्रिम्पर काढून टोकं नव्याने करू. शिवाय साध्या स्विचला पत्ते वाटताच येत नाहीत, सेटिंगच नाही, हा मोठा गुण.

पुढच्या शनिवारी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊ म्हटलं तर बाबाही निघाले, त्यांना तिथून घड्याळाचा सेल आणायचाय. त्यांनी विचारलं, त्या नवीन डब्याला रीसेटचं भोक असेल का. म्हटलं नाही बाबा, असल्या साध्या स्विचला नसतं.

‘मग बिघडला तर दाबायचं काय?’